अडीच महिने लोहाच्या गोळ्या घेऊन एचबी ८.४ वरून ८.७! काय चुकतंय?

गवतीचहा | ३ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पितळेची भांडी काढायला स्टुलावर चढले आणि दोन पातेली खाली देईपर्यंत अशी धाप लागली की तिथेच बसून राहिले, नवरा म्हणाला अगं तोंड पांढरंफटक पडलंय तुझं. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन (एचबी) ८.४. फॅमिली डॉक्टरांनी फेरस अॅस्कॉर्बेटची गोळी दिली, १०० मिलिग्रॅमवाली, रोज एक. काल परत तपासलं तर ८.७. अडीच महिन्यांत ०.३!! म्हणजे मी नक्की काय गिळतेय?

वय ३९, दोन मुलं, पतसंस्थेत नोकरी, शाकाहारी पण अंडं चालतं. माझं रुटीन सांगते म्हणजे कुणाला काही कळलं तर बघा. साडेपाचला उठले की आधी अॅसिडिटीची गोळी (लोहाच्या गोळीने पोटात आग पडायला लागली म्हणून ती सुरू झाली), मग चहा, मग डबे, आठला पोहे नाहीतर उपमा आणि दुसरा चहा, आणि त्या चहाच्या घोटाबरोबरच लोहाची आणि गुडघ्यासाठी चालू असलेली कॅल्शियमची अशा दोन्ही गोळ्या. एकदाच घेऊन टाकल्या की विसरायला होत नाही हा माझा हिशोब. शिवाय सासूबाई रोज बीट-गाजराचा रस देतात, तो पण निमूट पिते.

जाऊबाई म्हणतात गोळ्याबिळ्या सोड, सलाइनमधून लोह घे, त्यांच्या बहिणीला फरक पडला म्हणे. घ्यावं का? की कंपनी बदलून बघू?

सदाफुली_८ | ३ जानेवारी, रात्री ११:१५

आधी आयडी बदल बाई 😂

चहाच्या घोटाबरोबर लोहाची गोळी?? अगं चहातलं टॅनिन त्या लोहाला असं धरून बसतं की ते रक्तात जातच नाही, सरळ खाली. मी पण हेच करायचे. आता मी गोळी ऑफिसात अकराला घेते, नुसत्या पाण्याबरोबर, तोवर नाश्ता होऊन दोन तास झालेले असतात, आणि अकराचा चहा बाराला ढकललाय. पहिले चार दिवस डोकं दुखलं, गोळीने नाही, चहाने. आणि कॅल्शियम रात्री जेवणानंतर, त्या दोघांना एकत्र आणायचंच नाही, सासू-सून एका ओट्यावर असतात तसं होतं, काम कुणाचंच होत नाही.

अजून एक, बद्धकोष्ठता होत असेल तर रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका नाहीतर इसबगोल. मी त्या त्रासापायी आठवड्यातून दोन-तीनदा गोळीला चक्क दांडी मारायचे आणि घरात सांगायचे रोज घेतेय. तू नाहीस ना मारत?

गवतीचहा | ३ जानेवारी, रात्री ११:३२

मारते 🙈 शनिवार-रविवार तर हमखास.

लॅबमधला | ४ जानेवारी, सकाळी ७:०५

ताई, नुसतं एचबी सांगून काही कळत नाही. सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) कागद काढा आणि त्यावरचे एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार), आरबीसी काउंट (लाल पेशी किती) आणि आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारात फरक किती) हे तीन आकडे इथे टाका. फेरिटिन (अंगात लोहाचा साठा किती ते) केलंय का? १९ वर्षं पॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे, अर्धे लोक फेरिटिन न करताच वर्षभर लोह खातात.

का विचारतोय ते सांगतो. एचबी कमी म्हणजे लोह कमी असं दर वेळी नसतं. थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा जन्मजात, सौम्य दोष) असेल तरी पेशी बारीक दिसतात आणि एचबी १०-११ च्या आसपास घोटाळत राहतं, त्यात लोह खरंच कमी नसेल तर गोळ्यांचं पोतं संपवलं तरी ते हलणार नाही. एक ढोबळ युक्ती आहे, एमसीव्हीला आरबीसी काउंटने भागायचं, उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा आणि एचपीएलसी नावाची, हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी टेस्ट करायची, १३ च्या वर आलं तर बहुतेक लोहच कमी. युक्तीच आहे ही, निदान नाही. आणि शाकाहारी आहात तर बी१२ पण बघा, ते कमी असेल तर पेशी उलट मोठ्या होतात आणि दोन्ही कमी असलं की मोठ्या-छोट्या मिळून एमसीव्ही नॉर्मल दिसतो आणि सगळे फसतात.

ताप किंवा कसलं इन्फेक्शन असताना फेरिटिन करू नका, खोटं वाढलेलं येतं.

गवतीचहा | ४ जानेवारी, दुपारी १:२०

डबा खाता खाता लिहितेय. ऑक्टोबरचा कागद: एमसीव्ही ६८, आरबीसी ३.९, आरडीडब्ल्यू १८. फेरिटिन तेव्हा केलं होतं, ६ आलेलं. बी१२ ३४० आहे, ते ठीक आहे म्हणाले.

लॅबमधला | ४ जानेवारी, दुपारी २:१०

६८ भागिले ३.९ म्हणजे साडेसतरा, आणि फेरिटिन ६. जागतिक आरोग्य संघटना १५ च्या खाली गेलं की लोहाची कमतरता म्हणते आणि बरेच डॉक्टर तर ३० च्या खालीच उपचार करतात. तुमचं कोठार रिकामं आहे हो, शंका नाही. आता प्रश्न एवढाच की गोळी आत जात नाहीये की गेलेलं बाहेर पडतंय. तो माझा प्रांत नाही, कुणी डॉक्टर असतील तर बोला.

निसर्गमय | ४ जानेवारी, दुपारी ३:००

या केमिकल गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणूनच तर अॅसिडिटी झाली ना. बीट, पालक, गूळ, खजूर खा, आमच्या आज्यांना कुठे होत्या गोळ्या?

सदाफुली_८ | ४ जानेवारी, दुपारी ३:१२

आमच्या आजीचं नववं बाळंतपण झालं आणि ती गेली. नका हो आज्यांना मध्ये आणू.

ओपीडी_नंतर | ४ जानेवारी, रात्री १०:५५

मी यवतमाळकडे स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करते. इथे कुणाला औषध लिहून देत नाही, पण जे दिसतंय ते लिहिते, बाकी तुमच्या डॉक्टरांशी बोलून करा.

आधी बीटाचा निकाल लावू. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं हा निव्वळ रंगाचा घोटाळा आहे, १०० ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमही धड नसतं. पालकात थोडं जास्त असतं पण त्यातलं फार थोडं अंगी लागतं. हळीव खरंच चांगले, हळिवाचे लाडू थंडीत खा, आणि लोखंडी कढईत चिंच-टोमॅटोची आंबट आमटी केली तर कढईतलं लोह खरंच उतरतं. पण हे सगळं एचबी १२ असलेल्या बाईने १२ वर राहायला. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मोठ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं म्हणते आणि तेवढं जेवणातून आणणंच अवघड, मग ८.४ वरून वर यायचं ते जेवणाने होत नाही, गोळीच लागते.

आता गोळी. स्वित्झर्लंडमध्ये ईटीएच झुरिच या विद्यापीठाच्या लोकांनी लोह कमी असलेल्या बायकांना १०० मिलिग्रॅम लोह वेगवेगळ्या प्रकारे देऊन मोजलं. पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीच्या तुलनेत कॉफीबरोबर घेतली तर शोषण ५४ टक्क्यांनी घटलं, आणि न्याहारी अधिक कॉफी म्हटल्यावर ६६ टक्क्यांनी. म्हणजे तुमचे पोहे आणि चहा धरले तर १०० ची गोळी जवळपास ३४ ची झाली म्हणा, चहाचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल. त्यावर कॅल्शियम. त्यावर अॅसिडिटीची गोळी, कारण लोह विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि ते तुम्ही पहाटेच बंद केलंय. त्यावर शनिवार-रविवार दांडी. कंपनी बदलून काय होणार? कंपनीचा काही दोष नाही.

दुसरं म्हणजे लोहाचा एक डोस पोटात गेला की लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं आणि ते साधारण २४ तास आतड्याचं दार ओढून घेतं, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं कमीच आत जातं. याच झुरिचवाल्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की एक दिवसाआड घेतली तर दर गोळीमागे जास्त शोषलं जातं. दिवसातून दोनदा-तीनदा घेण्यात तर काहीच हशील नाही. एक दिवसाआड घेतल्यावर एचबी जादूने दुप्पट वेगात चढतं असं नाही हं, जिला घाई असेल तिने रोज घ्यावी, पण पोटाचा त्रास कमी होतो, आणि ज्या बाईला रोजच्या गोळीने दांड्या माराव्या लागतात तिला ठरवून एक दिवसाआड देणं मला जास्त पटतं. तुम्ही तसंही आठवड्यातून पाचच घेत होतात, आणि त्याही चहात बुडवून. गरोदर बायकांनी मात्र हे वाचून स्वतःच्या मनाने दिवस सोडायचे नाहीत, त्यांचा हिशोब वेगळा.

वेळ सकाळची बरी, कारण दुपारी शोषण कमी होतं. पण सकाळी जमत नसेल तर अकराही चालेल, न घेण्यापेक्षा कधीही घेतलेली बरी. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, पुढचा-मागचा चहा-दूध तास-दोन तास लांब. मळमळत असेल तर अर्धी पोळी खाऊन घ्या, थोडं कमी शोषेल एवढंच. लिंबूपाणी? ८० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी ने शोषण ३० टक्के वाढलं होतं पण एका लिंबात एवढं नसतं, त्यापेक्षा पेरूच्या चार फोडी खा. आणि चीनमध्ये ४४० लोकांवर केलेल्या चाचणीत नुसतं लोह आणि लोह अधिक व्हिटॅमिन सी यांत एचबी सारखंच वाढलं, त्यामुळे पेरू नसला म्हणून गोळी सोडू नका. चहा सोडणं पेरूपेक्षा महत्त्वाचं. अॅसिडिटीची गोळी बंद करता येईल का ते डॉक्टरांना विचारा, ती मुळात लोहाच्याच त्रासावर सुरू झालीय.

आणि जे तुम्हाला अजून कुणी विचारलं नाही ते विचारते. पाळी कशी आहे? किती दिवस, पॅड किती वेळाने, गाठी पडतात का? नेहमीच्या पाळीत ३०-४० मिली रक्त जातं, ८० च्या वर गेलं तर जास्त. एक मिली चांगल्या रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे ८० मिलीला ४० मिलिग्रॅम गेलं. घातलेलं तिथूनच निघून जात असेल तर चहा सोडूनही तुम्ही जागच्या जागीच.

गवतीचहा | ४ जानेवारी, रात्री ११:२०

डॉक्टर, सात-आठ दिवस जाते. पहिले दोन दिवस दोन पॅड एकावर एक लावून पण दर दीड-दोन तासाला बदलावं लागतं, पतसंस्थेत खुर्चीवर पेपर घालून बसते. गाठी पडतात, बोराएवढ्या. धाकट्याच्या वेळेनंतर असंच आहे, मला वाटलं वयाने होत असेल, आईला पण असंच होतं.

ओपीडी_नंतर | ४ जानेवारी, रात्री ११:२६

हे नॉर्मल नाही. या महिन्यातच पोटाची सोनोग्राफी करून घ्या. गर्भाशयात गाठ आहे का, अस्तर किती जाड, थायरॉइड, हे सगळं बघायला लागेल.

उपकेंद्रावरून | ५ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

मी माण तालुक्यात एएनएम (उपकेंद्रावरची सरकारी नर्स) आहे, सरकारी लाल गोळी वाटते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. डॉक्टर मॅडमनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त घरोघर काय दिसतं ते सांगते. गोळ्या सापडतात कुठे माहितीये? देवळीत, पत्र्याच्या खाचेत, एकीकडे तर कोंबड्यांच्या खुराड्यावर पाकिटंच्या पाकिटं. संडास काळी होते म्हणून घाबरतात (ती होणारच, लोहच आहे ते, पण डांबरासारखी चिकट काळी झाली तर मात्र दाखवायचं), पोटुशीला गोळी दिली की बाळ काळं होतं म्हणतात, बाळ मोठं होऊन अडतं म्हणतात. मी आता घरात जाऊन चहा घेत नाही, म्हणते आधी माझ्यासमोर पाण्याने गोळी घे मग आपण तासाने चहा पिऊ, तेवढा तास शेजारच्या घरी जाऊन येते. चहाचं आमंत्रण कुणी मोडत नाही आमच्याकडे.

ताई तुम्हाला एक विचारू का, राग मानू नका. खडू, माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटतं का? आमच्याकडे दहातल्या चार जणी आधी नाही म्हणतात.

गवतीचहा | ५ जानेवारी, रात्री ९:५०

मी पण नाहीच म्हणणार होते.

धाकटा पहिलीत आहे, त्याच्या शाळेत अजून पाटी आहे. त्याच्या पेन्सिली संपतात त्या मीच संपवते. रात्री सगळे झोपले की. कुडुम करून तुटते ना ती, आणि मग ती मातकट चव. आणि तांदूळ निवडताना मूठभर तांदूळ तोंडात असतातच. घरात कुणालाच माहीत नाही. मला वाटलं हे काहीतरी डोक्याचं आहे.

उपकेंद्रावरून | ५ जानेवारी, रात्री १०:०५

डोक्याचं काही नाही हो ताई. लोह कमी झालं की होतं असं, भरून आलं की आपोआप सुटतं. मी स्वतः बर्फ खायचे, गाडीवरच्या गोळेवाल्याकडून नुसता बर्फ.

पिंपळपान२१ | ६ जानेवारी, सकाळी ११:३०

विषयांतराबद्दल सॉरी पण माझ्या आईला (वय ६३) पण लोह कमी सांगितलंय, सिरप दिलंय, त्याने दात काळे पडलेत. तिला पण एक दिवसाआड चालेल का?

ओपीडी_नंतर | ६ जानेवारी, रात्री १०:१५

दातांचं सोपं आहे, सिरप पाण्यात घालून स्ट्रॉने द्या आणि लगेच चूळ भरायला लावा. पण पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या बाईचं लोह कमी का होतंय हे शोधल्याशिवाय सिरप देत बसू नका. रक्त कुठून जातंय? मूळव्याध, जठराचा अल्सर, गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या पेनकिलर, कधी आतड्यात गाठ. फिजिशियनला दाखवा, एंडोस्कोपी (नळीने पोटात आतून बघणं) सांगितली तर टाळू नका. एक दिवसाआड की रोज हा तिच्या बाबतीत नंतरचा प्रश्न.

आणि लहान मुलं असलेल्या सगळ्यांना, लोहाच्या गोळ्या वर ठेवा, कुलपात. गोड आवरणाची लाल गोळी मुलाला चॉकलेट वाटते आणि मूठभर खाल्ली तर जिवावर बेतते. हे मी बघितलंय.

गवतीचहा | १२ फेब्रुवारी, रात्री ९:३०

मंडळी, अपडेट द्यायला आले. सोनोग्राफीत गर्भाशयात ३ सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ निघाली, आतल्या बाजूला. आमच्या इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळीच्या दिवसांत घ्यायला ट्रानेक्झॅमिक अॅसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) दिलंय, पुढे काय करायचं ते तीन महिन्यांनी ठरवू म्हणाल्या. सलाइनबद्दल विचारलं, तर म्हणाल्या गोळी नीट घेऊन महिन्यात एचबी एकाने तरी वाढलं नाही तर देऊ, नाहीतर कशाला हजारो रुपये घालवता.

गोळी आता उठल्या उठल्या साध्या पाण्याने, एक दिवसाआड, तारीख विषम असली की घ्यायची असं ठरवलंय म्हणजे लक्षात राहतं. अॅसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारून बंद केली, एक दिवसाआड घेतल्यावर आग पडत नाही तेवढी. पहिला चहा साडेसहाला. तो एक तास माझा कसा जातो ते माझं मला माहीत, पण त्या वेळात कणीक मळून होते. कॅल्शियम रात्री. बीटाचा रस चालूच आहे, सासूबाईंना कोण सांगणार, चांगला लागतो तसाही.

कालचा रिपोर्ट: १०.२!!

आणि ते दुसरं पण थांबलं. कधी थांबलं ते कळलंच नाही, परवा दप्तर भरताना धाकटा म्हणाला आई माझ्या पेन्सिली आता उरायला लागल्या.

लॅबमधला | १२ फेब्रुवारी, रात्री ९:५८

वा! पण ताई, १०.२ बघून गोळी थांबवू नका, सगळे इथेच चुकतात. एचबी १२ च्या वर गेलं की कोठार भरायला सुरुवात होते, तोवर फेरिटिन तळालाच असतं.

ओपीडी_नंतर | १२ फेब्रुवारी, रात्री ११:१०

बरोबर. एचबी नॉर्मल झाल्यावर अजून तीन महिने, मग फेरिटिन करून थांबायचं की नाही ते बघायचं. छान झालं हो. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना अॅनिमिया निघालाय, त्यातल्या किती जणी खुर्चीवर पेपर घालून बसत असतील आणि कुणी विचारत नसेल. पाळीचं आधी का नाही सांगितलंत हो डॉक्टरांना?

गवतीचहा | १२ फेब्रुवारी, रात्री ११:१८

त्यांच्याकडे नवरा बरोबर आत येतो ना. आणि त्यांनी विचारलं नाही.

एक शंका राहिली. ३१ जानेवारी विषम आणि १ फेब्रुवारी पण विषम, मी दोन्ही दिवस घेतली. काही होत नाही ना?

ओपीडी_नंतर | १२ फेब्रुवारी, रात्री ११:२१

काही होत नाही 😄 ३१ मार्चला सुट्टी घ्या.